दुधाविना चॉकलेट कुकीज, अंड्याविना पुडिंग

माझ्या भाचीची मुलगी सहा वर्षांची आहे. तिला दुधाची ॲलर्जी आहे. नुसते ‘दूध पचत नाही’ एवढेच हे प्रकरण नाही. दुधाचा, दह्याचा, लोण्याचा थोडासा अंश पोटात गेला तरी तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. दीड वर्षाची असताना डॉक्टरांनी हे निदान केले आणि तेव्हापासून भाचीच्या घरातून पेढे, बर्फी, आइसक्रीम, चॉकलेट सगळे हद्दपार झाले.

गेल्या वर्षी त्यांच्या सोसायटीतल्या एका मुलाच्या वाढदिवसाला मीही गेले होते. शेवटी काचेच्या मोठ्या भांड्यातून चॉकलेट बिस्किटांचे पुडिंग आले. सगळ्या मुलांच्या हातात वाट्या, आणि आमच्या छकुलीच्या हातात आईने घरून आणलेले केळे. ती प्रत्येकाच्या वाटीकडे पाहत होती, पण रडली नाही, हट्टही केला नाही. अशी मुले फार लवकर शहाणी होतात. परत येताना रिक्षात मला चिकटून बसली आणि एवढेच म्हणाली, “आजी, ते कसं लागतं गं?”

मैत्रिणींनो, तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मी इतकी वर्षे स्वयंपाकघरात घालवलेली बाई. ठरवले, हे पुडिंग तिला करून घालायचेच. आणि पहिल्याच खेपेला मी एक मोठी चूक केली. ती आधी सांगते, कारण कृतीपेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे.

पुढच्याच रविवारी तिला घरी बोलावले. नारळाच्या दुधात कोको घालून पुडिंग शिजवले. गायीचे दूध नाही, लोणी नाही, अंडे नाही. थर द्यायला वाण्याकडून बिस्किटांचा पुडा आणला. त्यावरचा हिरवा ठिपका पाहिला आणि निर्धास्त झाले. छकुलीने मोठ्या कौतुकाने दोन चमचे खाल्ले. तिचे ओठ लाल झाले, मग हनुवटीवर आणि मानेवर गांधी उठल्या. भाचीने पर्समध्ये सदैव असणारे, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध तिला दिले आणि आम्ही तडक दवाखाना गाठला. तिथे दोन तास तिला नजरेखाली ठेवले. सुदैवाने पुढे काही वाढले नाही. घरी आल्यावर मी कचऱ्याच्या डब्यातून त्या बिस्किटांचे वेष्टन काढले आणि चष्मा लावून वाचले. घटकांच्या यादीत अगदी शेवटी, बारीक अक्षरांत होते : मिल्क सॉलिड्स. त्यांनी लिहिले होते, मी वाचले नव्हते.

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. आपल्या देशात दूध शाकाहारात मोडते, त्यामुळे दूध, लोणी, मध असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका असतोच. ज्यात प्राण्यापासून मिळणारे काहीच नाही, दूधही नाही, अशा आहाराला ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी रूढ केला. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली व्हीगन पदार्थांसाठी वेगळे हिरवे चिन्ह जाहीर केले आणि २०२२ साली त्याचे नियमही आले. चौकोनात इंग्रजी ‘व्ही’ आणि त्याला एक पान, असे ते चिन्ह आहे.

हा विषय आज घेण्याचे आणखी एक कारण आहे. इंदूरच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा बंगळुरूला नोकरीला असतो. दिवाळीला घरी आला तोच सांगत, “आई, मी आता दूध-तूप, अंडं काही खात नाही.” आजाराबिजारामुळे नव्हे, गोठ्यातल्या जनावरांविषयी वाचून त्याने स्वतः हा निश्चय केला. आईने मात्र त्याच्या आवडीचा चॉकलेट बिस्किटांचा केक करून ठेवला होता. तो तसाच फ्रिजमध्ये राहिला. ‘चार दिवस घरात होता, पण माझ्या हातचं गोड एकही त्याने खाल्लं नाही. मला फार लागलं. आता मी त्याला काय करून घालू?’ असे त्यांनी विचारले आहे.

कारणे दोन, पण स्वयंपाकघरातली अडचण एकच आहे. फरक इतकाच की निश्चयाने व्हीगन झालेल्या माणसाच्या ताटात चुकून काही गेले तर मन दुखावेल. ॲलर्जीच्या मुलाच्या ताटात गेले तर जिवावर बेतू शकते. म्हणून ॲलर्जी असलेल्या घरांसाठी दोन-चार गोष्टी आधी सांगते.

वेष्टनावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे पावडर’, ‘केसिन’, ‘सोडियम केसिनेट’, ‘बटर ऑइल’ यांपैकी काहीही दिसले तर ते दूधच समजावे. केकवाल्यांकडे मिळणारे ‘नॉन डेअरी’ व्हिपिंग क्रीम दुधाविना असेल असे आपल्याला वाटते, पण त्यांतल्या अनेकांत सोडियम केसिनेट असते, आणि ते दुधातलेच प्रथिन. याउलट ‘कोको बटर’ या नावाला घाबरू नये. त्यात लोण्याचा लवलेशही नाही. कोकोच्या बियांमधला तो स्निग्ध पदार्थ आहे. कोको पावडरीत दूध नसते, पण दुधात ढवळून पिण्याच्या ज्या चॉकलेट पावडरी मिळतात त्यांच्यापैकी पुष्कळांत दूध आणि साखर आधीच मिसळलेली असते. डबा शेजारी शेजारी असतो, म्हणून सांगितले. डार्क चॉकलेटचेही तेच. ‘डार्क’ म्हणजे दूधविरहित असा अर्थ नाही. वीट असो की वडी, यादी वाचूनच घ्या.

कायद्याने आता दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, गहू अशा घटकांची सूचना यादीजवळ वेगळी द्यावी लागते. ‘कन्टेन्स मिल्क’ म्हणजे दूध आहेच. ‘मे कन्टेन मिल्क’ म्हणजे त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थ होतात, अंश येऊ शकतो. इंदूरच्या ताईंच्या मुलाला बहुधा ही दुसरी ओळ चालेल, त्याला विचारून घ्यावे. ॲलर्जीच्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा पदार्थ देऊ नये. पुड्यावर व्हीगनचे चिन्ह असले तरीही ही ओळ शोधावी. आणखी एक, ‘गायीचं चालत नाही तर शेळीचं द्या’ असा सल्ला घरोघरी मिळतो. दुधाच्या ॲलर्जीत शेळीचे दूधही बहुतेक वेळा बाधते. तूप कढवलेले असले तरी त्यातही अंश राहू शकतो. म्हणूनच केकचे भांडे, ब्रश, गाळणी हे सगळे साबणाने स्वच्छ धुऊन घ्यावे. तुपाचा हात फिरवलेला डबा नुसता पुसून घेऊ नये.

एवढे सगळे वाचून ‘नको ती कटकट’ असे वाटेल. मलाही वाटले होते. पण एकदा सवय झाली की वाण्याच्या दुकानातली दोन मिनिटे जास्त, बाकी काही नाही.

आता कुकीजकडे वळू. चॉकलेटचे तुकडे घातलेल्या कुकीज ही मूळची अमेरिकेतली वस्तू. १९३० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावी ‘टोल हाउस’ नावाची खाणावळ होती, ती चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड या बाईंनी त्या प्रथम केल्या. त्यांच्या कृतीत लोणीही होते आणि अंडीही. मी सुरुवातीला काय केले, तर लोण्याच्या जागी तेवढेच तेल आणि अंड्याच्या जागी कुस्करलेले केळे घातले. कुकीज थाळीभर पसरून एकमेकींना चिकटल्या, आणि घरभर वास सुटला तो केळ्याच्या केकचा! पुस्तकांतून केळ्याची फार शिफारस असते, पण माझे मत विचाराल तर केळे केकमध्ये ठीक आहे, कुकीजमध्ये नको. त्याने कुकी मऊ आणि फुगीर होते, आणि चॉकलेटची चव मागे पडते.

मग विचार केला की लोणी तिथे काय काम करते? लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेले बहुतांश पाणी आणि थोडे दुधातले घन पदार्थ. शिवाय ते थंड असताना घट्ट असते, म्हणून कुकी भट्टीत गेल्यागेल्या वितळून पसरत नाही. तेव्हा १०० ग्रॅम लोण्याच्या जागी ८० ग्रॅम खोबरेल तेल आणि एक मोठा चमचा पाणी हा हिशोब बरोबर बसतो. खोबरेल तेलच का? तर ते साधारण २४ अंश तापमानाखाली थिजते. सूर्यफुलाचे, शेंगदाण्याचे तेल असे थिजत नाही. आमच्या सासूबाई हे ऐकून म्हणाल्या होत्या, “अगं, डोक्याला लावायचं तेल बिस्किटात?” कोकणात आणि केरळात खोबरेल तेलात स्वयंपाक होतो, हे त्यांना ठाऊक होते, पण बिस्किटात म्हणजे अतिच झाले. आणताना खाण्याचे तेल, त्यातही ‘रिफाइंड’ आणावे. त्याला खोबऱ्याचा वास नसतो. घाण्याचे आणलेत तर वास येतो, पण चॉकलेटबरोबर तो मला तरी वाईट वाटत नाही.

वनस्पती तुपाचा पर्याय काही जणी सुचवतील. आमच्या लहानपणी मे महिन्याच्या सुटीत मैदा, पिठीसाखर, वनस्पती तूप आणि वर पत्र्याचा रिकामा डबा घेऊन आम्ही भावंडे बेकरीत नानकटाई भाजून आणायला जात असू. भट्टीपाशी तास तास बसायचे, गरम डबा मांडीवर घेऊन घरी यायचे. तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, पण वनस्पती तुपातली ती नानकटाई दूध-अंड्याविनाच होती! वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर आता २ टक्क्यांची मर्यादा आहे, २०२२ पासून. तरी मुलांच्या खाण्यात मी ते वापरत नाही.

अंड्याचे काम दोन प्रकारचे, बांधून ठेवणे आणि ओलावा देणे. आपल्या घरी चटणीसाठी जवस असतात, तेच इथे उपयोगी पडतात. एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवली की अंड्याच्या बलकासारखे बुळबुळीत मिश्रण तयार होते. हे एका अंड्याच्या जागी पुरते. जवस कच्चे घ्या, चटणीसाठी भाजलेले नकोत. भाजलेल्यांची चव कुकीत उतरते. पूडही आयत्या वेळी मिक्सरमधून काढा. करून ठेवली तर खवट होते.

साहित्य (साधारण १६ कुकीज) : मैदा १२५ ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, बारीक साखर ७५ ग्रॅम, गुळाची पावडर ५० ग्रॅम, रिफाइंड खोबरेल तेल ७५ ग्रॅम, जवसाची पूड १ मोठा चमचा, पाणी ३ मोठे चमचे, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, व्हॅनिला इसेन्स अर्धा लहान चमचा, दूध नसलेल्या डार्क चॉकलेटचे हरभऱ्याएवढे तुकडे ७५ ग्रॅम.

कृती : जवसाची पूड पाण्यात भिजवून ठेवा. मैदा, कोको, सोडा, मीठ एकत्र दोनदा चाळून घ्या. कोकोच्या गाठी राहतात, तेव्हा चाळण्यात कंटाळा करू नका. उन्हाळ्यात खोबरेल तेल पातळ असते; ते वाटीसकट फ्रिजमध्ये ठेवून मऊ लोण्याइतके घट्ट होऊ द्या. थंडीत दगडासारखे झाले असेल तर जरा उबेला ठेवा. आता तेल, साखर आणि गूळ लाकडी चमच्याने पाच मिनिटे घोटा. लोण्यासारखे ते पांढरे होणार नाही, काळजी करू नका. त्यात जवसाचे मिश्रण आणि इसेन्स घालून पुन्हा घोटा. मग चाळलेला मैदा घालून हलक्या हाताने, जेमतेम एकजीव होईपर्यंत मिसळा. पोळ्यांच्या कणकेसारखे मळत बसलात तर कुकीज चिवट होतात. शेवटी चॉकलेटचे तुकडे घाला.

हा गोळा झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी अजिबात गाळू नका. तेल थिजते, मैदा पाणी पिऊन घेतो, आणि कुकी पसरत नाही. माझ्या पहिल्या खेपेच्या कुकीज एकमेकींना चिकटल्या त्या याच घाईमुळे. मग लिंबाएवढे गोळे करून, तळहाताने थोडे चपटे करून, कागद घातलेल्या ट्रेमध्ये दोन दोन इंचांवर ठेवा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर ११ ते १२ मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अर्धा किलो मीठ पसरा, वर जाळी ठेवून झाकण लावा, मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा आणि मग कुकीजची थाळी आत ठेवून मंद आचेवर १५ ते १८ मिनिटे भाजा. ते मीठ बरणीत भरून ठेवले की पुढच्या वेळी पुन्हा भाजण्यासाठी चालते.

बाहेर काढताना कुकीज मऊच असतात. हात लावून ‘कच्च्या राहिल्या’ म्हणून परत आत ढकलू नका. दहा मिनिटे ट्रेवरच राहू द्या, निवता निवता त्या कडेने कुरकुरीत आणि मधे मऊ होतात. गुळामुळे त्यांत ओलावा टिकतो आणि थोडी टॉफीसारखी चव येते. गुळाऐवजी सगळी साखर घातलीत तर कुकीज जास्त कडक होतील. पुडिंगसाठी त्या तशाच हव्यात, म्हणून पुडिंगच्या कुकीज मी पूर्ण साखरेच्या, पातळ थापून, दोन-तीन मिनिटे जास्त भाजून घेते.

आता ते पुडिंग. बिस्किटे आणि मलईचे थर देऊन थंड ठेवायचे, ही कल्पना परदेशात घरोघरी बर्फपेटी आली त्या काळातली. १९२० च्या दशकात अमेरिकेत ‘आइसबॉक्स केक’ म्हणून तो फार लोकप्रिय होता. आपल्याकडे फ्रिज आला तसे तेही आले आणि वाढदिवसाचे ठरलेले गोड होऊन बसले. यात सगळी गंमत थांबण्याची आहे. कडक बिस्किट मलईतले पाणी हळूहळू पिते आणि केकसारखे मऊ होते; मलई तेवढीच घट्ट होते. तेव्हा आपल्याला हवी फक्त दुधाविना होणारी, घट्ट, गुळगुळीत मलई.

मी तीन-चार प्रकारे करून पाहिली. घरी काढलेल्या सोयाबीनच्या दुधाला कच्च्या डाळीसारखा वास राहिला. ओट्सचे दूध उकळताना बुळबुळीत झाले. नारळाचे जाड दूध चांगले, पण खोबऱ्याची चव लपत नाही. कोकणी माणसाला चालेल, इतरांना ‘हे काय’ वाटेल. काजू सगळ्यांत उत्तम ठरले. महाग आहेत, मान्य. घरात कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल किंवा खर्च कमी करायचा असेल, तर काजूऐवजी मगज, म्हणजे सोललेल्या खरबुजाच्या बिया घ्या. पांढऱ्या रश्शासाठी त्या आपण वापरतोच. वाटल्यावर गाळून घ्याव्या लागतात, एवढेच.

साहित्य (आठ-दहा वाट्या) : वर सांगितल्याप्रमाणे केलेल्या पातळ, कडक कुकीज २५० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम, पाणी अर्धा लिटर, साखर ८० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, कॉर्नफ्लॉवर ३ मोठे चमचे, दूध नसलेले डार्क चॉकलेट ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, कुकीज बुडवायला संत्र्याचा रस अर्धी वाटी.

कृती : काजू चार तास साध्या पाण्यात किंवा तासभर कढत पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या. अर्ध्या लिटरपैकी वाटीभर पाणी घालून काजू गंधासारखे बारीक वाटा. बोटांत कण लागता कामा नये. उरलेले पाणी मिसळा. कोको, कॉर्नफ्लॉवर, साखर, मीठ कोरडेच एकत्र करून त्यात हे काजूचे दूध थोडे थोडे घाला, म्हणजे गाठी होत नाहीत. मंद आचेवर सारखे ढवळत राहा. कॉर्नफ्लॉवर उकळी आल्याशिवाय नीट घट्ट होत नाही, तेव्हा बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी दोन मिनिटे शिजवा. काजूमुळे तळाला चटकन लागते. इथे फोन घ्यायला जाऊ नका. खाली उतरवून चॉकलेटचे तुकडे आणि व्हॅनिला घाला, विरघळेपर्यंत ढवळा. कोमट झाले की काचेच्या भांड्यात एक थर मलईचा, एक थर कुकीजचा असे देत जा. कुकीज रसात बुडवून लगेच काढा. मोठ्या माणसांसाठी रसाऐवजी बिनदुधाची कडक कॉफी फार छान लागते. वरचा थर मलईचा असू द्या. झाकून किमान सहा तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवा.

काबुली चण्यांच्या पाण्याविषयीही काही जणी विचारतील. २०१४ साली फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांच्या लक्षात आले की चणे शिजवलेले पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे फेसते. पुढच्या वर्षी अमेरिकेत गूस व्होल्ट यांनी त्याचे नुसत्या साखरेबरोबर मरँग करून दाखवले आणि त्याला ‘ॲक्वाफाबा’ हे नाव मिळाले. मी छोल्यांचे, मीठ न घातलेले पाणी निम्मे आटवून, थंड करून विजेच्या बीटरने दहा मिनिटे फेसले. पांढराशुभ्र फेस आला, पाहून अचंबा वाटला. वितळलेल्या चॉकलेटमध्ये मिसळून मूसही झाले. पण थोड्या वेळाने तळाशी पाणी सुटले आणि सासूबाईंना छोल्यांचा वास आला. त्यांचे नाक तिखट आहे हे खरे, तरी मी काजूवर परत आले. हौस असेल त्यांनी जरूर करून पाहावे.

ओव्हनही नको, शिजवणेही नको असे हवे असेल तर चॉकलेटची वळी करा. इटलीत आणि पोर्तुगालमध्ये याला ‘सलामी’ म्हणतात, केवळ दिसते तशी म्हणून. मांसाचा संबंध नाही. २०० ग्रॅम दूधविरहित डार्क चॉकलेट गरम पाण्यावर भांडे ठेवून वितळवा, त्यात ८० मिलिलिटर नारळाचे जाड दूध, चिमूट मीठ, १५० ग्रॅम कुकीजचे ओबडधोबड तुकडे आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून कागदात घट्ट गुंडाळा. चार तास फ्रिजमध्ये ठेवा, पिठीसाखरेत लोळवून चकत्या कापा. इथे नारळाची चव चालून जाते, कारण चॉकलेट पुष्कळ असते.

छकुलीच्या डॉक्टरांना भाचीने नव्या पुडिंगची सगळी यादी दाखवली, काजूसकट. त्यांनी होकार दिल्यावरच मी तिला ते दिले. यंदा तिच्या वाढदिवसाला मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले. भाचीचा विचार होता की पाहुण्यांच्या मुलांसाठी नेहमीचे पुडिंग मागवावे आणि हिच्यासाठी वेगळे छोटे भांडे भरावे. मी म्हटले, मुळीच नाही. एकच भांडे, सगळ्यांना तेच. चौदा मुले आली होती. कुणी दुधाचे नाव काढले नाही. एकाने तेवढे विचारले, “यात संत्रं आहे का?” आणि आमची छकुली वाटी संपवून भाचीला म्हणाली, “आई, मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा थोडं कमी गोड आहे.” घ्या! आता साखर ८० ऐवजी ९० ग्रॅम घालून पाहते.

इंदूरच्या ताई, मुलगा पुढच्या सुटीला येईल तेव्हा आदल्या रात्री पुडिंग करून ठेवा. ते दोन दिवसांत संपवायचे. कुकीज मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतात, त्या तुम्ही बंगळुरूलाही पाठवू शकता. पूर्ण निवल्यावरच भरा, नाहीतर वाफेने मऊ पडतात. दोन थरांमध्ये कागद घाला आणि डबा हलणार नाही असा गच्च भरा. एप्रिल-मेमध्ये पाठवू नका. खोबरेल तेल आणि चॉकलेट, दोन्ही वाटेत वितळतील.